दोन आण्यांचे बारा पैसे

१ नोव्हेंबर १९५६ला गुलबर्गा जिल्ह्यासोबत गाणगापूर म्हैसूर राज्यात गेलं आणि पाचच महिन्यांत, १ एप्रिल १९५७ला, नवे पैसे आले. तासांवर मजुरी घेणाऱ्याला खरा फरक या दुसऱ्या तारखेने पडला.

समजा, आठ तासांचा रोज एक रुपया. यात्रेकरूंकडे तासभर पाणी भरणाऱ्या बाईचा वाटा दोन आणे. तक्त्यात दोन आण्यांचे १२ नवे पैसे, खरे साडेबारा! रोज चुकते केले तर तीस दिवसांचे ३ रुपये ६० पैसे. महिनाअखेर एकदम केले तर साठ आण्यांचे ३ रुपये ७५. म्हणजे सव्वा दिवसाची मजुरी गेली. पूर्णवेळच्या रुपयाला मात्र धक्का नाही. त्या वर्षांचे रोजमेळ हाती आले, तर हिशेब रोजचा की महिन्याचा, ते आधी बघा.