आवाज नसलेल्या बंदुकीची परीक्षा

लंडन येथें थेम्सच्या कांठीं ॲडेल्फी नांवाची भव्य इमारत आहे. दुसऱ्या महायुद्धांत विल्यम डी लाइल ह्या इंग्रज अभियंत्यानें तिच्या गच्चीवरून नदींत गोळ्या झाडून पाहिल्या. खालच्या पादचाऱ्यांपैकीं कोणी दचकतो काय, हीच परीक्षा! कोणीहि दचकला नाहीं.

ती बंदूक ०.२२ इंचांची, म्हणजे ससे मारण्यापुरती. कमांडो सैनिकांना शत्रूचा पहारेकरी एका गोळींत, निमूटपणें लोळवावयाचा होता. नळीभोंवतीं जाड नळकांडें बसविलें कीं स्फोटवायु त्यांत पसरून थंडावतो. पण रायफलची गोळी ध्वनीहून वेगवान असल्यामुळें स्वतःच हवेंत कडाडते, त्यास उपाय काय? उपाय पिस्तुलाच्या ०.४५ इंची काडतुसांत सांपडला. त्याची गोळी जड, परंतु ध्वनीहून मंद. ली-एनफील्ड रायफलच्या सांगाड्यांत तें बसवून १९४३ पासून अवघ्या सुमारें १३० बंदुका तयार झाल्या. पल्ला अर्थातच घटला. शिवाय नेम चुकल्यास दुसरें काडतूस हातानेंच भरावें लागे, आणि त्या वेळचा खिट्टीचा खटका बाराच्या आवाजाहून मोठा होता.