घाटातले जड चाक

बीडहून सोलापूरकडे जाताना मांजरसुंब्याचा घाट लागतो. सोलापुरातच १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने क्रायस्लरशी करार करून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ गाड्या बांधल्या. त्याच क्रायस्लरने १९५१ मध्ये तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टिअरिंग बाजारात आणले. प्रीमियरची पद्मिनी मात्र परवाना-राजच्या स्पर्धाहीन बाजारात हाताच्या बळावरच वळत राहिली. घाटातली वळणे चालकांच्या खांद्यांनी पेलली.

आता जुन्या पद्मिनीला विजेच्या मोटारीचे पॉवर स्टिअरिंग बसवता येते. अस्सलपणा गेला म्हणून हळहळणाऱ्यांना आम्ही विचारू : जड चाक ही परंपरा होती, की नाकारलेली सोय? आम्हांस दुसरे पटते. बदल अवश्य करावा. काढलेला मूळ दांडा मात्र जपावा. त्या श्रमांचा तोच पुरावा होय.