तारांच्या चाकाची किंमत

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला इतिहासावर बोलावयास सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा एखाद्या संपाचा इतिहास असावा. आम्ही मात्र आज सायकलच्या चाकाचा इतिहास सांगणार आहोत, आणि तोही एका अगदी व्यवहारी प्रश्नासाठी. बारीक टायरच्या, शर्यतीच्या धर्तीच्या सायकलला टिकाऊ आणि रास्त किमतीचे चाक कोणते, हा तो प्रश्न होय.

प्रश्न आमच्यापुढे आला तो असा. आमच्या युनियनमधील एका तरुण कामगाराने बोनसच्या पैशांतून अशी सायकल घेतली. कारखाना घरापासून दहा किलोमीटर, पहिल्या पाळीला बस मिळत नाही, तेव्हा ही चैन नव्हती. सायकल हलकी, देखणी; मागच्या चाकात अवघे वीस स्पोक. आठव्या महिन्यात त्यांतला एक तुटला आणि चाक इतके आउट गेले की ते ब्रेकला घासून फिरेनासे झाले. तो स्पोक चपटा, सरळ डोक्याचा, त्याच कंपनीचा. दुकानदार म्हणाला, मागवून घ्यावयास दीड-दोन महिने लागतील, नाहीतर नवे चाक घ्या. नव्या चाकाची किंमत त्याच्या अर्ध्या पगाराहून अधिक होती. त्या आठवड्यात त्याच्या तीन हजेऱ्या बुडाल्या. एक तार तुटली आणि तीन दिवसांची मजुरी गेली, हा हिशेब आम्हांला पटेना, म्हणून आम्ही या विषयाच्या मागे लागलो.

बैलगाडीचे चाक आपण सर्वांनी पाहिले आहे. मध्ये तुंबा, त्यात ठोकलेले लाकडी आरे, बाहेर लाकडी कडे आणि त्यावर लोखंडी धाव. लोहार धाव तापवून लाल करतो, चाकावर चढवतो आणि पाणी ओततो. ती आकसते आणि सारे चाक आवळून धरते. अशा चाकात ओझे खालच्या आऱ्यावर उभे राहते, जसे छत खांबावर उभे असते. १८६० नंतरच्या दशकात पॅरिसला ज्या पायडलच्या सायकली निघाल्या, त्यांची चाके याच जातीची होती. इंग्रजांनी त्यांना हाडे खिळखिळी करणारे यंत्र म्हटले, ते उगाच नव्हे.

जाड आऱ्याऐवजी ताणलेली दोरी किंवा तार वापरावी, ही कल्पना इंग्लंडात जॉर्ज केली याने १८०८ सालीच आपल्या टिपणवहीत लिहून ठेवली होती. त्याला उडते यंत्र करावयाचे होते आणि त्यासाठी हलके चाक हवे होते. सायकलसाठी तारेच्या चाकाचे पेटंट पॅरिसच्या यूजेन मेयर याने १८६९ साली घेतले. येथे थोडे थांबले पाहिजे, कारण पुढचे सारे यावर अवलंबून आहे. तार ओढू शकते, ढकलू शकत नाही. मग तारांच्या चाकावर माणूस बसतो तो कशावर? तर चाक बांधतानाच प्रत्येक तार खेचून ताणलेली असते. भार आला की जमिनीकडच्या दोन-चार तारांची ओढ कमी होते. बाकीच्या जवळजवळ जशाच्या तशा राहतात. हे कमी होणे म्हणजेच भार पेलणे. खालची तार पार सैल पडली, तर मात्र तिचा निप्पल हळूहळू उलटा फिरू लागतो आणि चाकाचा आकार बिघडतो. एवंच, चाकाचे बळ तारेच्या जाडीत नाही; ते आधी दिलेल्या ओढीत आणि ती ओढ सर्व तारांना सारखी असण्यात आहे.

आता हे चाक मोठे झाले ते गाव पाहू. इंग्लंडातील कॉव्हेंट्री हे रेशमी फिती विणणाऱ्यांचे गाव. १८६० साली फ्रान्सशी व्यापारी तह झाला, फ्रेंच मालावरील जकात उठली आणि फितींचे माग बंद पडले. विणकर कुटुंबे उपाशी राहिली, कित्येक गाव सोडून गेली. त्या पडत्या काळात तेथे शिलाई यंत्रांचा कारखाना निघाला, आणि त्याच कारखान्याने १८६९ साली सायकली करावयास घेतल्या. आमच्या गिरणगावाने १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू केल्यावर जे भोगले ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना कॉव्हेंट्रीचा हा भाग वाचताना निराळे भाष्य लागणार नाही. फरक इतकाच की त्या गावाला मागांच्या जागी चाक मिळाले.

त्या कारखान्यातला जेम्स स्टार्ली हा शेतकऱ्याचा मुलगा. यंत्रविद्या त्याने हाताने काम करीतच मिळविली. १८७० साली त्याने विल्यम हिलमन याच्याबरोबर ‘एरियल’ ही सायकल काढली. तिच्या तारा तुंब्यापासून कड्यापर्यंत सरळ जात. पायडल मारले की तुंबा पुढे पिळला जाई आणि कडे मागे राही. सरळ तारांना ही पीळ सोसवत नसे. १८७४ साली स्टार्लीने तारा तिरक्या लावल्या. निम्म्या पुढच्या अंगाला, निम्म्या मागच्या अंगाला, एकमेकींना ओलांडून जाणाऱ्या. पायडलची पीळ आता तारांच्या ओढीतच बदलली. आज आपल्या कोपऱ्यावरचा सायकलवाला जे चाक बांधतो, ते मुळात याच बांधणीचे होय. १८८५ साली जेम्सचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने दोन्ही चाके जवळजवळ सारखी करून ‘रोव्हर’ काढली आणि १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉपने हवेचा टायर दिला, हे बहुतेकांस ठाऊक असते. सायकल स्वस्त झाली तशी ती कामगाराकडे आली. १८९४ साली बर्मिंगहॅमला समाजवादी सायकलस्वारांचा ‘क्लॅरियन’ क्लब निघाला, १८९६ साली जर्मनीत ओफेनबाख येथे कामगार सायकलस्वारांचा ‘सॉलिडॅरिटेट’ संघ स्थापन झाला. त्या जर्मन संघावर १९३३ साली नाझींनी बंदी घातली.

शर्यतीच्या चाकाचा इतिहास मात्र निराळ्या दिशेने गेला. आरंभी रिम लाकडाची होती. १९३०च्या दशकात ड्युराल्युमिनची रिम आली. १९३४ साली फ्रान्सची मोठी शर्यत जिंकणाऱ्या आंतोनँ मान्य याच्या धातूच्या रिमांना लाकडासारखा रंग दिला होता, असे सांगतात. पुढे कित्येक दशके ३६ स्पोकांचे चाक हेच शर्यतीचे साधे चाक होते. आपल्या काळ्या, दांडग्या सायकलीला इंग्रजी रिवाजाप्रमाणे पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक आले, कारण मागच्या चाकावर ओझे अधिक. १९९०च्या दशकात कारखान्यात जुळविलेली, थोड्या स्पोकांची चाके बाजारात आली. चोवीस, वीस, कधी सोळा. स्पोक कमी म्हणजे हवेचा विरोध कमी, आणि वेगाने जाणाऱ्या शर्यतपटूला त्याचा थोडा लाभ खराच होतो. परंतु तेच शर्यतपटू पॅरिस–रूबेच्या शर्यतीत, जेथे सुमारे पन्नास किलोमीटर दगडी फरसबंदीवरून जावयाचे असते, तेथे २००० नंतरच्या दशकातही साध्या रिमेची, ३२ स्पोकांची हातबांधणीची चाके लावीत. पुढे टायर रुंद झाले, कार्बनच्या रिमा सुधारल्या, आणि ही रीत मागे पडली. तथापि त्या शर्यतपटूच्या मागे मोटारीत सुटी चाके घेऊन माणसे बसलेली असतात. आमच्या कामगाराच्या मागे कोण बसले होते?

हलकेपणाचा युक्तिवाद नेहमी पुढे केला जातो. फिरणारे वजन दुप्पट मोजावे, असे विक्रेते सांगतात. रिम आणि टायर यांच्यापुरते, आणि वेग वाढविताना, ते खरे आहे. एकसारख्या वेगात नाही. माणूस व सायकल मिळून ८० किलो धरा. महागड्या रिमांनी ३०० ग्रॅम वाचविले तर दुप्पट धरून ६०० ग्रॅम झाले, म्हणजे शंभरात पाऊण. डब्यातली एक भाकरी आणि पाण्याची बाटली याहून जड होते.

आमचे शाळेतील शिक्षण नववीला संपले. जोब्स्ट ब्रँट या अमेरिकन अभियंत्याचे १९८१ साली प्रसिद्ध झालेले सायकलच्या चाकावरील पुस्तक आम्ही शब्दकोश जवळ ठेवून दोन महिन्यांत वाचले. त्यातून कळलेली मुख्य गोष्ट अशी की स्पोक बहुधा एका धक्क्याने तुटत नाही, तो थकून तुटतो. चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर. किलोमीटरला पावणेपाचशे फेरे. आमचा कामगार रोज वीस किलोमीटर जाई-येई; वर्षाचे तीनशे दिवस धरले तर साडेअठ्ठावीस लाख फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक स्पोक एकदा सैलावतो आणि पुन्हा ताणला जातो. हबजवळ जेथे त्याला वळण दिलेले असते, तेथे तो थकतो. आमच्या कामगाराचा स्पोक सरळ डोक्याचा, म्हणून वळणाचा दोष त्यात नव्हता. पण वीसच तारांत भार वाटला की प्रत्येकीच्या वाट्याला हेलकावा मोठा येतो, आणि एक गेली की राहिलेल्या एकोणीस रिम सरळ धरू शकत नाहीत. बत्तिसांतली एक तुटली तर ब्रेक थोडा सैल करून माणूस घरी पोचतो.

यावरून निवड कशी करावी हे जवळजवळ ठरते. साधारण वजनाच्या, रोज कामावर जाणाऱ्या माणसाने मागे ३२ स्पोकांखाली जाऊ नये. अंग भारी असेल वा पाठीवर ओझे असेल तर ३६. स्पोक पोलादी, न गंजणारे, दोन्ही टोकांना २ मिलिमीटर आणि मध्ये १.८ मिलिमीटरचे घ्यावेत. मध्ये बारीक स्पोक कमजोर, असे वाटते. परंतु तो अधिक लवचिक असल्याने सहसा पुरता सैल पडत नाही आणि अधिक वर्षे जातो. मागच्या चाकात गिअरांमुळे उजवीकडचे स्पोक उभे आणि घट्ट, डावीकडचे त्यांच्या निम्म्या ओढीच्या आसपास असतात. म्हणून डावीकडे तर हे स्पोक हवेतच. बांधणी तिरकी, तीनदा ओलांडणारी. डिस्क ब्रेक असेल तर पुढचे चाकही तिरकेच हवे, कारण तेथे ब्रेकची पीळ हबमधून स्पोकांवर येते, आणि आपण पुन्हा स्टार्लीच्या १८७४ सालच्या अडचणीपाशी येतो. हब असा घ्यावा की ज्याचे कोन, छर्रे किंवा बेअरिंग गावात बदलून मिळतील. टायर २८ मिलिमीटरचा बसत असेल तर २३चा घेऊ नये. आपले रस्ते आपल्याला माहीत आहेत.

परंतु हे सारे सुटे भाग उत्तम आणले आणि बांधणारा हात कच्चा असला, तर चाक टिकत नाही. आमच्या चौकात एक वयस्क सायकलवाले आहेत. त्यांना आम्ही हा सगळा शोध मोठ्या उत्साहाने ऐकविला. ते म्हणाले, “अण्णा, रिम कुठलीही आणा. स्पोक मात्र माझ्या हाताने ओढू द्या, आणि घाई करू नका.” त्या कामगाराचे नवे चाक त्यांनीच बांधले. ते स्पोकला बोटाने टिचकी मारून आवाज ऐकतात. एका बाजूचे सारे स्पोक एका सुरात आले पाहिजेत. मग शेजारचे दोन-दोन स्पोक मुठीत धरून जोराने आवळतात, पुन्हा आउट काढतात. ब्रँटने याच आवळण्याची कारणमीमांसा दिली आहे. स्पोकच्या वळणात घडणावळीच्या वेळचा जो ताण अडकून राहिलेला असतो, तो यामुळे निघून जातो. आमच्या सायकलवाल्यांनी ते पुस्तक पाहिलेले नाही. हे त्यांना उस्तादाने शिकविले.

रिम, हब आणि स्पोक यांचे पैसे त्या कामगाराने घासाघीस न करता दिले. मजुरीच्या वेळी मात्र तो म्हणाला, “मामा, थोडे कमी करा.” आम्ही तेथेच उभे होतो. जन्मभर मजुरीसाठी भांडणाऱ्या युनियनचा सभासद, आणि ज्या एका गोष्टीने चाक टिकणार तीच त्याला महाग वाटली! आम्ही त्याला बाजूला घेऊन काय बोललो ते येथे सांगत नाही. मजुरी पूर्ण दिली गेली.

ते चाक दोन पावसाळे चालले. चिखलातल्या ब्रेकने रिमेची बाजू झिजून आत वाकली, तेव्हा गेल्या दिवाळीत रिम बदलली. हब तोच, बत्तीसही स्पोक तेच. त्याच मापाची नवी रिम जुनीच्या शेजारी चिकटपट्टीने बांधली, आणि मामांनी एकेक स्पोक जुनीतून सोडवून नवीत घातला. दुपारी तीनला बसले होते. पाचला चाक सायकलला लागले आणि तो रात्रपाळीला त्याच सायकलवर गेला.