लठ्ठ मुलांचा दोष कोणाचा?

गुबगुबीत मूल तेंच सुदृढ, असा आपल्या घरोघरीं समज आहे. तें फार लठ्ठ झालें, कीं मग ग्रंथींस बोल लावावयाचा. या कल्पनेस इतिहास आहे.

१९०१ सालीं व्हिएन्नाच्या आल्फ्रेड फ्रोलिख यांनीं मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथीजवळ गांठ झालेल्या एका स्थूल मुलाचें वर्णन केलें. पुढें कित्येक डॉक्टर प्रत्येक लठ्ठ मुलांत हाच विकार पाहूं लागले. १९३४ सालीं न्यूयॉर्कला आलेल्या जर्मन डॉक्टर हिल्डे ब्रुख यांनीं अशीं अनेक मुलें तपासलीं. ग्रंथींच्या विकारांत बहुधा वाढ खुंटते. हीं मुलें तर बहुतेक समवयस्कांहून उंच निघालीं! अति खाणें, अल्प खेळ आणि आईची धास्तावलेली माया, हेंच त्यांना आढळलें.

अशा मुलांस मधुमेह व रक्तदाब लवकर गांठूं शकतात. घोरण्यानें कित्येकांची झोंप मोडते, मग वर्गांत चित्त लागत नाहीं. आणि सोबत्यांच्या चेष्टेनें शाळाच नकोशी होते. मास्तर त्यास मठ्ठ म्हणतात, हा दुसरा अन्याय.

म्हणून मुलास हिणवूं नये. घरचें ताट आवरावें, अंगण मोकळें करावें.