चरबीचं गाडगं

वरणभातावरच्या तुपाच्या धारेबद्दल आपण पुष्कळ ऐकले आहे. मला आज बोलायचे आहे ते दुसऱ्याच एका स्निग्ध पदार्थाबद्दल. मराठवाड्यातल्या आमच्या घरी तो गाडग्यात असे, आणि परका पाहुणा आला की ते गाडगे उतरंडीमागे सरकवले जाई. त्यात चरबी होती.

चरबी म्हटले की नाक मुरडायची रीत आहे. आपल्या जुन्या वैद्यकाने मात्र ते मुरडले नव्हते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्नेहांवर अख्खा अध्याय आहे. त्यात चार स्नेह सांगितले आहेत : तूप, तेल, वसा आणि मज्जा. वसा म्हणजे चरबी. तूप सर्वांत श्रेष्ठ, हे खरे. पण वसा आणि मज्जा यांनाही वैशाख महिना नेमून दिला आहे. पुढे लेखणी ज्यांच्या हाती राहिली त्यांच्या स्वयंपाकघरातून हे दोन स्नेह गेले, म्हणून पाककृतींच्या पुस्तकांतूनही गेले असावेत, असे मला वाटते.

आजीला आम्ही माय म्हणायचो. बकऱ्याच्या गुर्द्याभोवतीची घट्ट, पांढरी चरबी ती निवडून घेई. मांसाचा धागाही राहू देत नसे, कारण चरबी नासते ती त्या धाग्याने आणि पाण्याने. बारीक तुकडे करायचे, बुडाशी करपू नयेत म्हणून वाटीभर पाणी घालायचे आणि चूल मंद ठेवायची. लोणी कढवतात तशीच ही कढवायची. आधी पाणी उकळून तडतड होते. ती थांबली की पाणी संपले. माय डोळ्यांपेक्षा कानाने स्वयंपाक करी! वर आलेले तांबूस, कुरकुरीत तुकडे मीठ लावून आम्हा पोरांना मिळत. उरलेले फडक्यातून गाळून कोरड्या गाडग्यात ओतायचे, तोंड बांधायचे. थंड झाले की मेणासारखे घट्ट. ओला चमचा घालणाऱ्याला शिव्या बसत. या चरबीतली कालवण-भाकरी गरम असतानाच खायची. निवली की टाळूला चिकटते.

तेल विकत घ्यावे लागे, ही जितराबाबरोबर येई. एवढे साधे अर्थकारण होते. पण त्यामागे दुसरा, कडू इतिहास आहे. गावातले मेलेले जनावर ओढणे हे महारांवर लादलेले काम होते. कातडे आणि मांस हा त्याचा मोबदला. मायच्या लहानपणी घरातली चरबी तिथूनच येई. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे सांगितले. ते वारे आमच्या गावापर्यंत पोचायला काही वर्षे लागली, पण पोचले. मायच्या सासऱ्यांनी घरातली सगळी गाडगी फोडली, असे ती सांगे. नंतर नवे गाडगे आले, त्यात खाटकाकडून पैसे देऊन आणलेली चरबी. माझ्या दृष्टीने ही दोन गाडगी एक नव्हेत. माय हा फरक अभिमानाने सांगे. गावाला मात्र तो दिसला नाही. पुढे कायद्याने वतने गेली, तरी वास घेणारी नाके तीच राहिली.

१९३७ पासून बाजारात असलेला डालडा आमच्याकडे उशिरा आला. दिसायला पांढरा, घट्ट, चरबीसारखाच. पण डब्यातला, म्हणून लपवायचे कारण नाही. गाडगे हळूहळू बंद पडले. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आले. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या जेवणाची त्यात तपशीलवार नोंद आहे. ते वाचताना मला कितीदा तरी मायची चूल दिसली.

मी शिकायला शहरातल्या वसतिगृहात गेलो, तेव्हा मायने जर्मनच्या डब्यात चरबी भरून दिली होती. खोलीतल्या मित्राने विचारले, ‘हे काय रे?’ मी म्हणालो, ‘तूप.’ त्याने झाकण उघडून वास घेतला आणि काही न बोलता डबा परत दिला. त्या रात्री अर्धी चरबी मी मागच्या नाल्यात टाकली. दिवाळीला घरी गेल्यावर मायने रिकामा डबा हातात घेऊन विचारले, ‘पुरलं का रं, लेकरा?’

पुरलं, असे मी म्हणालो. तिने डबा राखेने घासला आणि पुन्हा भरायला ठेवला.