तेल बदलायचं की नाही? झाडीपट्टीतल्या एका धास्तीचा इतिहास

दिघोरीसारख्या गावात ऑटोमॅटिक गाडी बहुतेक वेळा सेकंडहँडच येते. ही भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातली दिघोरी मोठी. नागपूरला उमरेड रोडवर लागते ती वेगळी. चुलबंद आणि वैनगंगेच्या या धानपट्ट्यात गाडी दारात उभी राहते, तेव्हा मीटर लाख-दीड लाखाच्या पुढे गेलेला असतो आणि सर्व्हिसच्या नोंदी आधीच्या मालकाकडेच राहिलेल्या असतात. गिअरबॉक्सच्या तेलाचा विषय निघाला की मेकॅनिकचं उत्तर ठरलेलं असतं: "चालून रायली तं चालू द्या जी, हात नोका लावू."

नवं तेल घातलं की जुना गिअरबॉक्स बिघडेल, ही धास्ती गावात जन्मलेली नाही. इथल्या माणसाला वंगणाचं महत्त्व कुणी शिकवायची गरज कधीच नव्हती. खासर असो, बंडी असो की रेंगी, लांबच्या वाटेला लागण्याआधी आसाला एरंडेल मिळालंच पाहिजे, हे गाडीवानाला ठाऊक होतं. तुंब्यात तेलात भिजवलेल्या चिंध्या असत. चाक कुरकुरायला लागलं म्हणजे उशीर झाला, एवढाच त्याचा अर्थ. जुन्या आसाला नवं तेल सोसणार नाही, असा विचार कुणाच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं.

त्याहून बोलका दाखला रुळांवरचा आहे. ज्याला आज आपण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणतो, त्याच जातीचं यंत्र या भागातून ऑटोमॅटिक मोटारी येण्याच्या कितीतरी आधी धावत होतं. नागपूर-नागभीड ही सुमारे 106 किलोमीटरची छोटी लाइन 1908 मध्ये सुरू झाली. उमरेड, भिवापूर, पवनी रोड करत जाणारी ही गाडी आधी वाफेवर चालली, पुढे डिझेलवर. नागपूरच्या मोतीबाग शेडच्या झेडडीएम जातीच्या डिझेल इंजिनांत 700 अश्वशक्तीची ताकद चाकांपर्यंत तेलातून पोहोचत असे. एक पंखा तेल फेकतो, समोरचा पंखा त्या तेलाच्या माऱ्याने फिरतो. हाच टॉर्क कन्व्हर्टर. त्याची मूळ कल्पना जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर याची. 1905 चं पेटंट, आणि तेही जहाजांसाठी.

भारतीय रेल्वेसाठी हे तंत्र इथल्या गरजेप्रमाणे घडवलं मनमोहन सुरी यांनी. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुरी ट्रान्समिशनमध्ये गाडी हलवताना टॉर्क कन्व्हर्टर काम करतो आणि वेग आला की तो बाजूला होऊन ताकद थेट पुढे जाते. सुरी यांना 1962 मध्ये अभियांत्रिकीसाठीचं भटनागर पारितोषिक मिळालं. हे ट्रान्समिशन पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकमध्येही तयार होत असे. मराठी मुलखात घडलेल्या या यंत्राविषयी मराठीत इतकं कमी लिहिलं गेलं, याची खंत वाटते.

रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये तेल बदलायचं की नाही यावर मतं घेतली जात नाहीत. ठराविक मुदतीला इंजिन शेडमध्ये येतं, तेलाचा नमुना काढला जातो, त्यात लोखंड, तांबं किती उतरलंय हे तपासलं जातं, आणि त्यावरून तेल ठेवायचं की काढायचं ते ठरतं. नागपूर-नागभीडची छोटी गाडी रुंदीकरणासाठी नोव्हेंबर 2019 मध्ये थांबली, ती काही जुन्या इंजिनांत नवं तेल ओतल्यामुळे नव्हे.

मग भीती आली कुठून? तिचा एक धागा अमेरिकेत सापडतो. जनरल मोटर्सने 1940 च्या ओल्ड्समोबिल मॉडेलमध्ये हायड्रा-मॅटिक हा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला आणि 1949 मध्ये त्यासाठीच्या तेलाचं पहिलं प्रमाण ठरवलं. या तेलात क्लच प्लेटांची पकड नेमकी राहावी म्हणून स्पर्म व्हेलचं तेल मिसळत. 1970 मध्ये हा देवमासा अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत गेला, त्याच्या तेलाची आयात बंद झाली, आणि घाईने आणलेल्या पर्यायांनी काही गाड्यांच्या ऑइल कूलरमधले धातूचे सांधे खाल्ले. गिअरबॉक्स बसण्याच्या तक्रारी वाढल्या. देवमासा वाचला हे उत्तमच झालं. पण चुकीचं तेल गिअरबॉक्स मारू शकतं, हा धडाही खरा होता.

दुसरा धागा अलीकडचा. अनेक कार कंपन्यांनी 'लाइफटाइम' तेलाची भाषा सुरू केली आणि गिअरबॉक्सची डिपस्टिकच काढून टाकली. तपासायला काठी नाही, म्हणून तेलाकडे लक्ष नाही. गंमत अशी, की ज्या झेडएफ कंपनीचे गिअरबॉक्स कित्येक महागड्या गाड्यांत बसतात, ती स्वतः 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते.

या दुर्लक्षातूनच मेकॅनिकचा अनुभव तयार झाला. मालक तेलाची आठवण काढतो ती गिअर स्लिप व्हायला लागल्यावर. तोपर्यंत क्लच प्लेटांचं अस्तर झिजून तेलात मिसळलेलं असतं. अशा वेळी मशीन लावून दाबाने सगळं तेल फ्लश केलं, की साचलेला गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत अडकतो आणि गाडी आठवडाभरात उभी राहते. दोष नव्या तेलावर येतो. खरं तर गिअरबॉक्स आधीच संपलेला असतो.

म्हणून लाख-दीड लाख चाललेली, पण गिअर झटका न देता बदलणारी गाडी असेल, तर तेल बदलावंच. मात्र फ्लश करू नये. गिअरबॉक्सचा खालचा चेंबर खोलून तेल आपोआप गळू द्यावं. कन्व्हर्टरमध्ये बरंचसं उरतंच, त्यामुळे काही हजार किलोमीटरनंतर तेच काम पुन्हा करावं. चेंबरमधल्या चुंबकावर बारीक करडा लगदा दिसला तर ती वयाची झीज. चकाकते तुकडे हाताला लागले, किंवा तेल काळं पडून जळका वास मारत असलं, तर आधी गिअरबॉक्सचं निदान, तेल नंतर.

एक गोष्ट मात्र गाडी घेतानाच पाहावी. फेब्रुवारी 2014 मध्ये मारुतीची सेलेरिओ एएमटी घेऊन आली आणि स्वस्त गाड्यांतही क्लचचं पेडल गेलं. एएमटीत टॉर्क कन्व्हर्टर नसतोच. नेहमीचा मॅन्युअल गिअरबॉक्स असतो आणि क्लच-गिअरचं काम यंत्र करतं. त्यात साधं गिअर ऑइल लागतं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल, म्हणजे एटीएफ, नव्हे. सीव्हीटी या आणखी एका जातीच्या ऑटोमॅटिकचं तेल आणखी वेगळं. डब्यावर कंपनीने सांगितलेलं प्रमाण छापलेलं नसेल, तर तो डबा दुकानातच राहू द्यावा. निघालेलं तेल मापात मोजून तेवढंच नवं भरावं, आणि पातळी शेवटी माहितीपुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने, दिलेल्या तापमानालाच बघावी.