परदेशातली जुनी गाडी आणि आपलं पासिंग

हैदराबादच्या एका श्रोत्यांनी मागे एक प्रश्न पाठवला होता. त्यांचा भाचा जपानमध्ये नोकरीला आहे. तिथल्या लिलावात आठ-नऊ वर्षं वापरलेली, एक ओरखडा नसलेली छोटी गाडी आपल्या दीड-दोन लाख रुपयांत मिळते म्हणे. ते विचारतात, "जपानीही आपल्यासारखेच रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतात, स्टिअरिंग उजवीकडेच असतं. मग ती जहाजात घालून मुंबईला उतरवायला हरकत काय?"

हरकत आहे, आणि ती पंचाहत्तर वर्षं जुनी आहे. आज त्या हरकतीचीच गोष्ट सांगतो. वाटेत आमच्या लष्कराचाही संबंध येईल, आणि तो फारसा अभिमानाचा नाही.

आधी जपानचं सांगतो. तिथे प्रत्येक गाडीला 'शाकेन' नावाची सरकारी तपासणी असते. नव्या गाडीला तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. तपासणीला आणि तिच्याबरोबरच्या कर-विम्याला एवढा पैसा लागतो, की धडधाकट गाडी विकून नवी घेणं लोकांना परवडतं. या विकलेल्या गाड्या जहाजं भरभरून कोलंबोला, चितगावला, कराचीला, आफ्रिकेत मोम्बासाला जातात. प्रत्येक देशाने आपापली वयोमर्यादा घातली आहे. बांगलादेशने पाच वर्षं, केनियाने आठ. म्हणजे आपल्या तिन्ही बाजूंना या गाड्या रस्त्यावर आहेत आणि मधला एवढा मोठा देश कोरडा.

हे आपोआप झालेलं नाही. इंग्रजांच्या काळात मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून परदेशी सुटे भाग जोडून गाड्या तयार करत होती. फोर्डही मुंबईत होती. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण सुरू झाली. १९४९ मध्ये तयार गाड्यांची आयात थांबवली गेली. मग १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालावरून सरकारने ठरवलं, की ज्यांना इथे खरोखर गाडी बनवायची आहे, नुसती जोडायची नाही, त्यांनीच राहावं. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद केला. उरल्या हिंदुस्थान मोटर्स, प्रीमियर, मद्रासची स्टँडर्ड. गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबण्याचा काळ आमच्या पिढीने पाहिला आहे. वडिलांनी नंबर लावायचा आणि मुलाने गाडी आणायची, अशी घरं मला माहीत आहेत.

पण कुंपण घातलं तरी फटी राहतातच. इथे तीन होत्या.

पहिली फट वकिलातींची. परदेशी मुत्सद्दी स्वतःची गाडी घेऊन येत. बदली झाली की ती सरकारच्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे जायची आणि तिथून लिलावाने विकली जायची. दिल्लीच्या पर्यटक टॅक्सींत आणि मुंबईच्या सिनेमावाल्यांच्या दारात ज्या लांबलचक अमेरिकन गाड्या दिसायच्या, त्यांतल्या बऱ्याच या मार्गाने आलेल्या. दुसरी फट कायमचा परत येणाऱ्या भारतीयाची. ठरावीक मुदत बाहेर राहिलेल्या माणसाला आपली एक गाडी सोबत आणता यायची. जकात भरायची आणि बाँड लिहून द्यायचा, की अमुक वर्षं ही विकणार नाही.

तिसरी फट म्हणजे गोवा. १९५० च्या दशकाच्या मध्यात भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. पोर्तुगीजांनी उत्तर म्हणून आयात मोकळी सोडली. त्याच सुमारास गोव्याच्या लोहखनिजाला जपानच्या पोलाद कारखान्यांकडून प्रचंड मागणी आली आणि हातात पैसा खेळू लागला. मुरगावहून खनिज बाहेर जायचं आणि जर्मन गाड्या आत यायच्या. सीमेच्या अलीकडे सावंतवाडीत नव्या फियाटचं अप्रूप होतं, आणि पलीकडे मर्सिडीज टॅक्सी म्हणून धावत होती. एक मजेदार तपशील सांगतो. पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याची बाजू बदलून उजवी केली, पण गोव्याला डावीच ठेवली, कारण तिन्ही बाजूंनी डावीकडून चालणारा ब्रिटिश हिंदुस्थान होता. त्यामुळे १९ डिसेंबर १९६१ ला आपलं सैन्य पणजीत पोहोचलं, तेव्हा ट्रक चालवणाऱ्या जवानांना बाजू बदलावी लागली नाही.

मुक्तीनंतर त्या गाड्यांचं काय झालं? काही नाही. त्या कायदेशीरच होत्या. जेव्हा आणल्या तेव्हा तिथला कायदा त्यांना परवानगी देत होता, आणि तसा कागद होता. डिझेलच्या त्या मर्सिडीज पुढे कित्येक वर्षं गोव्यात भाडी मारत होत्या. भारतात तेव्हा कुणाही कोट्यधीशाला जी गाडी सरळ मार्गाने मागवता येत नव्हती, ती म्हापशाचा टॅक्सीवाला चालवत होता. फरक पैशाचा नव्हता, कागदावरच्या तारखेचा होता.

आता उडी मारून २००१ वर येतो. जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेने आपल्या आयातबंदीविरुद्ध तक्रार केली होती आणि आपण ती हरलो. १ एप्रिल २००१ पासून संख्येवरचे निर्बंध उठवावे लागले. वाहन कारखान्यांच्या पोटात गोळा आला, की आता जपानचा सगळा जुना माल मुंबईत ओतला जाणार. सरकारने दरवाजा उघडला खरा, पण उंबरठा छातीइतका उंच केला. गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको. स्टिअरिंग उजवीकडे, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये, दिव्यांचा झोत डावीकडच्या वाहतुकीला जुळणारा. अजून किमान पाच वर्षं धावेल असा दाखला, आणि तेवढी वर्षं सुटे भाग आणि दुरुस्तीची हमी. उतरवायची फक्त मुंबई बंदरात. उतरल्यावरही सोडायची नाही, आधी चाचणी. ती करायची पुण्याच्या एआरएआयमध्ये, मध्य प्रदेशात बुदनीला, किंवा अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, व्हीआरडीईमध्ये. ही शेवटची संस्था संरक्षण खात्याची. रणगाडे आणि लष्करी गाड्या तपासणारी माणसं तुमच्या भाच्याची हॅचबॅक तपासणार!

आणि जकात. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात जुन्या गाडीवरची मूळ जकातच १०५ टक्के केली, वर इतर कर वेगळे. शिवाय लोकांना सहसा माहीत नसलेली गोष्ट अशी, की तुम्ही गाडी दोन लाखांना घेतली म्हणून कस्टम्स दोन लाख धरत नाही. गाडी नवी असतानाची किंमत घेतात आणि घसारा वजा करतात. पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच. तीन वर्षांचा हिशेब होतो ३८ टक्के. म्हणजे नवी २० लाखांची गाडी तुम्हाला लिलावात चारला मिळाली असली, तरी कागदावर ती १२ लाख ४० हजारांची. त्यात जहाजाचं भाडं आणि विमा मिळवायचा आणि त्या बेरजेवर जकात. स्वस्तपणा तिथेच संपतो.

बंदराच्या फाटकाची ही गोष्ट. पण गाडी रस्त्यावर येते ती आरटीओच्या फाटकातून, आणि खरी गंमत तिथे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ४७ काढून बघा. नव्या नोंदणीसाठी लागणाऱ्या कागदांची यादी आहे. त्यात एका ओळीत म्हटलंय, आयात गाडी असेल तर कस्टम्सचा दाखला, परवाना आणि बाँड. त्याच यादीत आणखी एक ओळ आहे. लष्कराने निकाली काढलेली गाडी असेल तर संबंधित लष्करी अधिकाऱ्याने दिलेलं फॉर्म २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र.

दुसरी ओळ का आहे, ते मला नोकरीमुळे माहीत आहे. संरक्षण दलांच्या गाड्या आरटीओत नसतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० नुसार त्यांची नोंदणी वेगळी होते. तुम्ही पाहिला असेल तो वरच्या दिशेचा बाण आणि त्यापुढचा नंबर. गाडी पंधरा-वीस वर्षं युनिटमध्ये घासते, मग लिलावात निघते. तेव्हा आरटीओच्या लेखी ती अर्ध्या वयात जन्माला येते. मागचा काहीही इतिहास त्यांच्या दप्तरात नसतो. असतो फक्त आमचा शिक्का.

माझ्या मेहुण्यांनी, सांगलीकडे शेती आहे त्यांची, अशा लिलावात एक जोंगा घेतली. जोंगा म्हणजे मुळात निसानची पेट्रोल, जबलपूरच्या आमच्या कारखान्यात बनलेली. बाप जपानी, पण कायद्याने अस्सल देशी. "दाजी, तुम्ही मेजर आहात, तुमच्या शब्दानं काम होऊन जाईल," असं म्हणून त्यांनी मला पासिंगला सोबत नेलं. प्रमाणपत्रावर चासी नंबरातल्या एका आकड्यावर दुसरा आकडा गिरवलेला होता. टेबलामागच्या कारकुनाने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "साहेब, ही गाडी आमच्यासाठी आज जन्मली. जन्मदाखल्यात खाडाखोड चालत नाही."

आठ महिने गेले. डेपोला पत्रं, डेपोकडून उलट पत्रं, नवं प्रमाणपत्र, गाडीची प्रत्यक्ष पाहणी. चासीवर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि नंबराचा ठसा उमटवायचा, ते तीनदा केलं. माझ्या रँकचा तिळमात्र उपयोग झाला नाही. तेव्हा संताप आला होता. आज तो कारकून मला बरोबर वाटतो.

कारण २३ सप्टेंबर २०२५ ला केरळमध्ये कस्टम्सने एकाच दिवशी अनेक ठिकाणी छापे घातले. मोहिमेचं नाव 'नुमखोर'. भूतानच्या भाषेत याचा अर्थ वाहन. सुमारे तीन डझन गाड्या पहिल्याच दिवशी ताब्यात घेतल्या, बहुतेक महागड्या, दणकट जीपवजा. कस्टम्सचं म्हणणं असं, की या भूतानमध्ये वापरून झालेल्या गाड्या स्वस्तात घेऊन, जकात न भरता आत आणल्या आणि दूरच्या राज्यांत नोंदवून घेतल्या. प्रकरण अजून तपासात आणि कोर्टात आहे, तेव्हा कोण दोषी आणि कोण फसलेला गिऱ्हाईक, हे मी म्हणणार नाही.

भूतानची सरहद्द मी जवळून पाहिली आहे. बिन्नागुडीला असताना जयगावला जाणं व्हायचं. रस्त्यात एक रंगीत कमान, पलीकडे फुनशोलिंग. आपले लोक बाजाराला तिकडे, तिकडचे इकडे. 'बीपी' नंबरच्या भूतानी गाड्या सिलिगुडीपर्यंत रोज दिसायच्या. हा मोकळेपणा मैत्रीचा आहे. तिथले रस्तेही १९६१ पासून आपल्याच 'दंतक' प्रकल्पाने बांधले. पण भूतानी नंबरची गाडी इकडे फिरणं वेगळं आणि तिला इथला नंबर मिळणं वेगळं. तो मिळवायला कागद लागतो.

मग कोणते कागद बनवले? बातमी वाचताना मी चहाचा कप खाली ठेवला. तपास यंत्रणेच्या म्हणण्याप्रमाणे बनावट शिक्के होते भारतीय लष्कराचे आणि वकिलातींचे. कस्टम्सचा दाखला बनवायचा तर बंदर, तारीख, जकातीची पावती, सगळं ताडून बघता येतं. पण लष्कराच्या गाडीला मागचा इतिहास विचारत नाहीत, आणि वकिलातीच्या गाडीची फट तर साठ वर्षं मळलेली वाट. ज्याने ही युक्ती काढली, त्याने नियम ४७ माझ्यापेक्षा बारकाईने वाचला असणार. तीस-पस्तीस वर्षं ज्या शिक्क्याखाली मी सह्या केल्या, तो कुणीतरी दुकानात कोरून घेतला, हे मला गाड्यांच्या किमतीपेक्षा जास्त लागलं.

हैदराबादच्या श्रोत्यांना आता सरळ उत्तर देतो. आठ वर्षांची गाडी साध्या आयातीत येणार नाही. भाचा कायमचा परत येत असेल, तर त्याची स्वतःची गाडी 'ट्रान्स्फर ऑफ रेसिडेन्स'मध्ये बसते का ते बघा, पण जकात भरावीच लागेल. आणखी एक दार अलीकडे रुंद झालंय. पूर्वी १९५० च्या आधी बनलेल्याच गाड्या व्हिंटेज म्हणून आणता यायच्या. २०२५ पासून पन्नास वर्षांहून जुनी कुठलीही चालते. २०२१ च्या नियमांप्रमाणे तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. पण ती मिरवायची गाडी. तिच्यातून रोज ऑफिसला जाता येणार नाही. आणि जयगाव-सिलिगुडीकडून कुणी 'आर्मी डिस्पोजल, पेपर क्लिअर' म्हणून फोन केला, तर फॉर्म २१ वर ज्या डेपोचं नाव आहे, त्या डेपोला आधी लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत एक रुपया देऊ नका.

केरळची बातमी आली त्या रात्री मेहुण्यांचा फोन आला. "दाजी, आपल्या जोंग्याच्या कागदावरची सही खरीच आहे ना?"

मी पुढच्याच आठवड्यात सांगलीला गेलो. त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेतून प्लास्टिकची पिशवी काढली. प्रमाणपत्र होतं, डेपोची तिन्ही पत्रं होती, आणि खाली घडी घातलेला पेन्सिलीचा ठसा. कागद पिवळा पडला होता, पण आकडे वाचता येत होते. आम्ही दोघं बॅटरी घेऊन गोठ्याशेजारच्या शेडमध्ये गेलो आणि चासीवरचा नंबर एकेक आकडा मोठ्याने वाचून ताडून पाहिला.